रॉड पोस्टाने पाठवू नये

ओसाका, ९ जानेवारी १९९१

आत्या,

हिसाएच्या शाळेने आपल्याला कशाला पत्र लिहावं, म्हणून पाकीट बघून तू घाबरली असशील. तपकिरी पाकीट आणि टाइप केलेला पत्ता दोन्ही मुद्दाम आहेत. कुरोहामात पत्र पाठवायचं म्हणजे ते बाबांच्या पिशवीतूनच जाणार. गावात टपाल वाटणारा माणूस एकच आणि तोच माझा बाप, मग त्याच्या पाठीमागे काही ठरवायचं तरी कसं? फोन करावा तर तुझ्या दुकानातला फोन वाजला की आमिष घ्यायला आलेले चार जण स्वतःचं बोलणं थांबवून आपलं ऐकत बसतात.

तर मुद्दा असा. वीस फेब्रुवारीला बाबांना साठ पूर्ण होतात. साठीला लाल बंडी घालून पुन्हा बाळ झाल्यासारखं बसायचं असतं, ते काही ते बसायचे नाहीत. एकतीस मार्चला पोस्टातून निवृत्त. नव्या वर्षाच्या फोनवर मी सहज विचारलं, गरवायला जाता की नाही? तर म्हणाले, रॉडच नाही. नोव्हेंबरात आतोबांनी त्यांना बोटीने नेऊन 'म्हाताऱ्याच्या पाठी'वर, त्या बाहेरच्या खडकावर, सोडलं होतं, तिथे एवढा मोठा मासा गळाला लागला की रॉड आणि रीळ हातातून ओढून घेऊन गेला. हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या नाकातानीबाईंचे वडील गेल्या एप्रिलला निवृत्त झाले. टीव्हीसमोर बसले ते बसलेच, ऑक्टोबरात गेले. काही आजार नव्हता म्हणे. आई जाऊन चार वर्षं झाली, बाबांना घरात बोलायला माणूस नाही. पत्रं नाहीत आणि गळही नाही, मग ते एप्रिलपासून दिवसभर करणार काय? मला खरंच भीती वाटते.

म्हणून त्यांना नवा रॉड आणि रीळ द्यायचं ठरवलंय. खाऱ्या पाण्याचा, खडकावरून गरवायचा, चांगला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इथल्या एका दुकानात गेले, तर छतापर्यंत नुसत्या काठ्याच काठ्या, दारातूनच परत फिरले. तू तीस वर्षं हे सामान विकतेस. काय घेऊ ते सांग.

आणखी एक. या वर्षी बाबांचं नववर्षाचं कार्ड आलं त्यावर नुसता रबरी शिक्का होता. दरवर्षी कुंचल्याने लिहितात, चार ओळी का होईना. या वेळी हाताने एक अक्षर नाही. मनाला लागलं ते. फोन ठेवताना मात्र नेहमीचंच, 'इकडची हवा बरी आहे', आणि खाडकन खाली. 'ये' असं त्यांनी मला, गाव सोडल्यापासूनच्या अठरा वर्षांत, एकदाही म्हटलेलं नाही.

दहा फेब्रुवारीपर्यंत शाळेत प्रवेश परीक्षांची धामधूम आहे, मला हलता यायचं नाही. लवकर लिही.

हिसाए


कुरोहामा, १६ जानेवारी

हिसाए,

आधी हवापाण्याचं लिहायची रीत आहे, पण मी तुला ओळखते आणि तू मला, तेव्हा ते राहू दे. तुझं पाकीट दादाने काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हिसाएचं पत्र आहे." मी म्हटलं, हे तर शाळेचं दिसतंय. तर म्हणे, "तिकीट वाकडं लावलंय. पहिलीत होती तेव्हापासून वाकडंच लावते." घे. कर आणखी टाइप.

आत काय आहे ते त्याने विचारलं नाही. तो कधीच विचारत नाही. मीच आपणहून सांगितलं की पोरीला संत्री हवी आहेत. तेव्हा सोबत पेटी पाठवतेय, ती मुकाट्याने खा.

आता रॉडचं. अगं, हा काय किमोनो आहे का, की रंग आवडला आणि घेतला? लांबी किती, टोक मऊ की ताठ, रीळ केवढं, गुंडाळायचा दांडा डाव्या बाजूला की उजव्या. ज्याला द्यायचं त्याच्या हातात देऊन बघितल्याशिवाय यातलं काही ठरत नाही, आणि हातात दिलं तर भेट कसली? शिवाय थंडीत रॉड घेऊ नये. म्हणजे घेतात लोक, पण घेऊ नये. एप्रिलात नवा माल येतो.

मी म्हणते तू त्याला लोकरीची बनियन घे. तो अजून त्या फाटक्या पोस्टाच्या स्वेटरमध्येच फिरतो. नाहीतर पाठ टेकून बसायची खुर्ची घे. साठाव्या वर्षी ओल्या खडकांवर उड्या मारायला तो काय बोकड आहे? मार्च जाऊ दे. मार्च एकदा नीट गेला की मग रॉड काय, तू बोट घेऊन दे.

कार्डाचं मनाला लावून घेऊ नकोस. शिक्का मारला तर मारला, पोस्टातल्या माणसाला डिसेंबरात केवढं काम असतं. जेवण करतोय नीट. परवा तळलेल्या माशाच्या चार वड्या खाल्ल्या.

तुझी आत्या


ओसाका, २४ जानेवारी

आत्या,

संत्री पोचली, गोड निघाली. पण तीस वर्षं रॉड विकणारी बाई मला बनियन घे म्हणते तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळतं.

रविवारी बाबांना फोन केला आणि मुद्दाम तो मासा पुन्हा काढला. नववर्षाला तो माणसाएवढा होता आणि पहाटे लागला होता. रविवारी तो हाताएवढा झाला आणि लागला दुपारी. मी म्हटलं, एवढ्याशा माशाने रॉड नेला? तर म्हणाले, मासा तसा मध्यमच होता, माझंच लक्ष नव्हतं. आत्या, मी गरवणाऱ्या गावात वाढले. प्रत्येक सांगण्यागणिक मासा वाढत जातो. हा एकटा मासा लहान होत चाललाय. आणखी दोन फोन केले तर तो नाहीसाच होईल.

मग मी बसून विचार केला. बाबांना खडकावर सोडणारे आतोबा आणि परत आणायचं काम त्यांचंच. त्या दिवशी समुद्र चढला आणि आतोबा वेळेवर गेले नाहीत, असं तर झालं नाही ना? बाबा लाटेत सापडले, रॉड गेला, जीव वाचला, आणि आता तुम्ही दोघांनी धंद्याचं नाव जाऊ नये म्हणून त्यांना गप्प बसवलंय? लिहिताना मला लाज वाटतेय, पण तू नीट उत्तर देत नाहीस आणि माणूस दूर राहून काय काय कल्पना करतो ते तुला ठाऊक नाही.

तोपर्यंत मी थांबले नाही. शनिवारी त्या दुकानात पुन्हा गेले आणि या वेळी आत शिरले. विकणारा माणूस भला होता, मला तासभर शिकवलं त्याने. रॉड सतरा फुटी, तीन माणसं उंच, पण आत आत सरकून काखेत मावेल एवढा होतो. वजन एखाद्या वाटीभर तांदळाचं. रीळ समुद्राचं, मीठ आत जाऊ नये असं बंद केलेलं, आणि त्याला खाली एक छोटी पट्टी आहे. मासा जोरात पळाला की रॉड धरलेल्या हाताच्या पहिल्या बोटाने ती पट्टी सैल करायची, थकला की आवळायची. म्हणाला, सगळी कला त्या एका बोटात. बाबांचा कोणता हात ते मी डोळे मिटून सांगितलं, उजव्या हातात रॉड, डाव्याने गुंडाळतात. लहानपणी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचे, दांड्याचा आवाज कानाशी यायचा.

आज सगळं पोस्टाने तुझ्या नावावर रवाना केलं. वीस तारखेपर्यंत लपवून ठेव.

आणि मला खरं काय ते लिही.

हिसाए


कुरोहामा, ३१ जानेवारी

हिसाए,

अगं वेडे, कुरोहामात पोस्टाने आलेलं पार्सल घरपोच करणार कोण?

तुझी ती लांब नळी दादाने लाल मोटारसायकलच्या मागे उभी बांधून आणली, निशाण लावल्यासारखी. धक्क्यावरून येताना अर्ध्या गावाने पाहिली. काउंटरवर अशी अलगद ठेवली की जणू आत कुणी झोपलंय. पाठवणाऱ्याचं नाव वाचलेलं होतंच. चाळीस वर्षांत त्याने असल्या शेकडो नळ्या लोकांना नेऊन दिल्यात, आत काय आहे ते त्याला न कळायला तो काय खुळा आहे? सहीसाठी कागद पुढे केला, मी सही केली, तो म्हणाला, "नाजूक सामान आहे, तोमि, ओल लागू देऊ नकोस." आणि गेला. मी नळी दुकानाच्या माळ्यावर जाळ्यांच्या मागे सरकवली आणि खाली येऊन रडले. तुझे आतोबा बघत बसले.

त्यांच्यावर तू जे लिहिलंस ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पण माणसावर असला आळ राहू देण्यापेक्षा शपथ मोडलेली बरी. आम्ही दोघांनी तुझ्या आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावून शपथ घेतली होती दादासमोर, की हिसाएला सांगणार नाही. ती आज मोडते. वहिनी मला माफ करील, ती माझ्या जागी असती तर तिने पहिल्या दिवशीच मोडली असती.

समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा होता. मासा नव्हताच. तुझे आतोबा बोट जवळच ठेवून जेवणाचा डबा उघडत होते, दादा त्यांच्या नजरेसमोर होता. उभा होता, रॉड पुढे धरून, आणि त्याचा उजवा हात उघडला. तुझे आतोबा सांगतात, त्याने सोडला नाही, नुसता हात उघडला, फूल उमलावं तसा, आणि रॉड घसरत पाण्यात गेला. दादा त्या हाताकडे बघत राहिला. हाक मारली तर तोंडातून धड शब्द येईना, ओठ एका बाजूला ओघळलेला. यांनी उडी मारून त्याला कमरेला धरलं, नाहीतर तोही गेला असता. पाऊणेक तासाने बोलायला लागला. पहिलं काय बोलला असेल? "गेन्जो, पोस्टात सांगू नकोस."

त्यानंतर आणखी दोनदा झालं, मला माहीत आहे ते दोनदा. बोटांत जीव नसतो, विशेषतः पहिल्या बोटात. कार्डावर शिक्का का होता ते आता तुला कळलं असेल. ज्या बोटात सगळी कला म्हणून तू रीळ निवडलंस, ते बोट त्याला सध्या आपलं वाटतच नाही.

डॉक्टरकडे जा म्हणून मी हात जोडले, भांडले, आठ दिवस अबोला धरला. ऐकत नाही. डॉक्टरकडे गेलो तर पोस्टमास्तर ओचिसाहेबांना कळेल, ते गाडी काढून घेतील, आणि बेचाळीस वर्षं एक पत्र न हरवता केलेली नोकरी शेवटच्या दोन महिन्यांत खुर्चीवर बसून संपेल. एकतीस मार्चला झोळी खाली ठेवीन आणि एक एप्रिलला तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन, म्हणतो. तोवर रोज त्या गाडीवर बसून कड्याच्या वाटेने वरच्या वाडीत जातो. हिसाए, त्या गाडीचा वेग उजव्या हातात असतो. ब्रेकसुद्धा. रोज साडेअकराला मी दाराशी उभी राहून वळणावर लाल ठिपका दिसतो का बघते. दिसला की आत येऊन चहा पिते. ही माझी थंडी अशी चाललीय.

आता रॉडचं काय करू सांग. त्याला दिला तर तो पहिल्याच रविवारी खडकावर जाईल, नाही दिला तर त्याला कळेल की तुला सगळं कळलंय. एक विचार डोक्यात येतो, आधी डॉक्टर, मग रॉड, असं आमिष लावून बघावं का? पण तू हो म्हटल्याशिवाय मी काही करणार नाही. फोन करू नकोस आणि अचानक उगवूही नकोस. मी शपथ मोडली हे कळलं तर तो हट्टाने एप्रिलातही जायचा नाही, माझा भाऊ आहे तो. तुझ्या उत्तराची वाट बघते. लगेच लिही, त्याच दिवशी.

आत्या


कुरोहामा, शनिवार, ९ फेब्रुवारी, दुपारचा एक

हिसाए,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. रागावली असशील. रागाव, पण मला आत्ता कुणाला तरी लिहायचंय. तुझ्या घरी तीनदा फोन केला, कोणी उचलत नाही, शाळेत केला तर आज परीक्षा, फोन सारखा व्यस्त. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

मी सकाळी बाजारात आमिषाच्या पेट्या आणायला गेले होते. साडेअकराला आले. दादाची गाडी धक्क्यावर उभी होती. गाडीवर टपालाची पिशवी होती, झाकण उघडं. दादा नव्हता. अगं, तो लघवीला गेला तरी पिशवी खांद्यावर घेऊन जातो. बेचाळीस वर्षांत ती पिशवी कुणी एकटी पाहिलेली नाही.

मी दुकानात आले तर माळ्याची शिडी खाली ओढलेली. वर गेले. तुझी नळी नाही. माझ्या काउंटरवरच्या डब्यातून माकूल पकडायचा मोठा गळही नाही, तो काट्यांच्या झुपक्याचा.

तुझे आतोबा बोट घेऊन 'म्हाताऱ्याच्या पाठी'कडे गेलेत. आणखी तीन बोटी गेल्या. वारा वायव्येचा आहे, बाहेर पांढरं दिसायला लागलंय. त्याला तिकडे कोण घेऊन गेलं? कोणीच कबूल करत नाही. पण रॉड घेऊन माणूस दुसरीकडे कुठे जाईल?

मला एकच दिसतंय सारखं. तो हात उघडतोय. या वेळी धरायला कोणी नाही.

ओचिसाहेब आले होते, पिशवी उचलून घेऊन गेले. म्हणाले, सकाळी धक्क्यावरची पाच पत्रं घेऊन निघाला, त्यातलं एकही पोचलेलं नाही. आता गावाला कळलंच म्हणायचं. कळू दे. एक वेळ नोकरी जाऊ दे, मला काय त्या नोकरीची पूजा करायचीय?

लिहायला बसून पाऊण तास झाला. एक बोट परत आली, तिच्यात नाही. मला वाटतं माळ्याला कुलूप लावायला हवं होतं. लहानपणी आई साखर माळ्यावर ठेवायची आणि दादाच ती काढायचा, मला कसं आठवलं नाही. तू नळी पाठवलीस म्हणून मी तुला दोष देत नाही, असं लिहायला हवं. आत्ता मनापासून लिहिता येत नाही.

बंधाऱ्याच्या बाजूने कोणीतरी ओरडतंय. जाते


शहरातलं हॉस्पिटल, चौथा मजला, १४ फेब्रुवारी

हिसाए,

पत्राची सुरुवात हवेने करावी अशी रीत आहे. हवेचं मी शेवटी लिहितो.

अक्षराबद्दल माफ कर. डाव्या हाताने लिहितोय. एवढं पत्र लिहायला दोन दिवस लागले. सोबत तोमिचं अर्धवट राहिलेलं पत्र आहे. ती ते फाडणार होती, मी मागून घेतलं. पत्ता लिहिलेलं पत्र पोचलंच पाहिजे.

शनिवारी धक्क्यावर पाच पत्रं हातात घेतली आणि हात उघडला. रबर तुटलं. वाऱ्याने पाचही पाण्यात नेली. चार भिंतीलगत तरंगत होती, पाचवं तपकिरी होतं, तिकीट वाकडं लावलेलं, ते बाहेर चाललं होतं. त्या वेळी मला आजाराची भीती वाटली नाही. पत्र हरवतंय, एवढंच सुचलं. तोमिच्या माळ्यावर काय आहे आणि कुठे आहे ते मला माहीत होतं. जे माझं अजून झालं नव्हतं ते मी उघडलं. त्याबद्दल क्षमा असावी.

दांडा काढून उजव्या बाजूला बसवला, तसं रीळ आहे ते, बरं झालं. रॉड डाव्या हातात. साठ वर्षांत डाव्या हाताने कधी गळ टाकला नव्हता. पहिल्या वीस खेपा कुठेही पडल्या, एकदा माझ्याच टोपीत. चार पत्रं मिळाली. पाचवं बंधाऱ्याला वळसा घालून पलीकडे गेलं, म्हणून मीही पलीकडे गेलो, खालच्या दगडांवर. गेन्जो आणि बाकीचे मला बाहेरच्या खडकांवर शोधत होते. मी तोमिच्या दुकानापासून तीनशे पावलांवर होतो, भिंतीआड. वाऱ्यामुळे हाका ऐकू आल्या नाहीत. तुझं पाकीट शेवटी काट्यांना लागलं तेव्हा कमरेपर्यंत भिजलो होतो आणि उजवा पाय उचलत नव्हता. तिथेच बसलो. एक शेवाळ गोळा करणारी बाई आली, तिने पाहिलं.

रॉड चांगला आहे. टोक मऊ, पाठ ताठ. तू निवडलास हे तोमिने सांगितलं.

आता जे सांगायचं ते. बसलो होतो तेव्हा पाकिटाचा डिंक सुटला होता. ओलं पत्र घडीत ठेवलं की चिकटतं आणि फाटतं, म्हणून उघडून दगडावर पसरायचं असतं, वाचायचं नसतं. मी पसरलं. आणि वाचलं. बेचाळीस वर्षांत दुसऱ्याचं पत्र पहिल्यांदा वाचलं. बरीचशी शाई गेली होती. जे राहिलं होतं ते असं होतं:

"रॉड समुद्रात फेकून दे, आत्या. शपथ मोडली म्हणून ते रागावले तर रागावू देत, माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. मला नुसते बाबा हवेत. हे मी त्यांना कधी म्हटलेलं नाही, कारण आमच्यात असलं कोणी कुणाला म्हणत नाही."

त्याच संध्याकाळी, पाय पुन्हा चालू लागल्यावर, ओचिसाहेबांना मी सगळं लेखी दिलं. पत्रं पाण्यात पडली, चार ओली पोचवली, एक उघडून वाचलं. झोळी आणि गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. पन्नास दिवस राहिले होते, ते सोडले. ते म्हणाले, अहो, याचा अहवाल कशाला. मी म्हटलं, तो लिहिल्याशिवाय मला इथून उठता येणार नाही. मग गेन्जोने मला इथे आणलं. तुला फोन करायचा नाही, मी स्वतः लिहीन, असं मी दोघांना बजावलं होतं. रॉड मी सोबत आणलाय, नर्सने तो खिडकीशी उभा करू दिला.

डॉक्टर तरुण आहेत. मानेतली एक नस जवळजवळ बंद झालीय, तिथून गुठळ्या वर जातात, म्हणून हात उघडतो. आणखी एक मोठी गेली तर काय, ते त्यांनी सांगितलं. वीस तारखेला सकाळी त्या नसेत नळी घालून बघणार आहेत. मी म्हटलं, त्या दिवशी माझी साठी आहे. त्यांनी तारीख बदलू का विचारलं. मी नको म्हटलं.

नोव्हेंबरपासून मला रोज भीती वाटतेय. कड्याच्या वळणावर वाटायची, रात्री पेला उचलताना वाटायची. तुला फोनवर मासा सांगायचो तेव्हाही वाटायची. मासा नव्हता. तू ओळखलंस म्हणे.

इकडची हवा बरी नाही. तू ये.

बाबा